जुन्या फायलींची अदृश्य शिस्त: विममध्ये केलेल्या एका कामाचा अनुभव

वर्षानुवर्षे अनेकांनी हाताळलेल्या एका प्रोग्रामच्या फायली देखभालीसाठी माझ्याकडे आल्या, तेव्हा कोडचा तर्क समजून घेण्याआधीच एक वेगळे काम समोर उभे राहिले. काही फायलींतल्या ओळी एका पद्धतीने संपत होत्या, तर काहींतल्या दुसऱ्या. एकाच फंक्शनमधील काही ओळी टॅबने आत सरकवलेल्या होत्या, तर काही स्पेसने. आणि मराठी संदेश असलेल्या फायली एका एडिटरमध्ये नीट वाचता येत, तर दुसऱ्यात अगम्य चिन्हांच्या रांगा दिसत. एका ओळीत एका अक्षराचा बदल केला तरी फरक दाखवणाऱ्या साधनात संपूर्ण फाइल बदललेली दिसे, कारण जतन करताना कोणत्या तरी एडिटरने प्रत्येक ओळीचा शेवट बदललेला असे. अशा अवस्थेत कोणाही सहकाऱ्याचे काम तपासणे शक्य नव्हते, म्हणून सर्व फायली आधी एकसारख्या करून घ्यायचे मी ठरवले आणि त्यासाठी विम हा एडिटर वापरला.

आरंभी मी काहीही बदलले नाही, फक्त न दिसणारी चिन्हे दिसू लागतील अशी व्यवस्था केली. विममधील ‘लिस्ट’ ही सेटिंग चालू केली आणि टॅब, ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस व न तुटणारी स्पेस यांना ‘लिस्टचार्स’मधून वेगवेगळी चिन्हे दिली. त्याचबरोबर खालच्या स्थितिपट्टीवर उघड्या फाइलीचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत, आणि तिच्या ओळी संपण्याची पद्धत कायम दिसेल असे केले. एवढ्यानेच कोणत्या फाइलीला काय हवे आहे याचा बराचसा अंदाज आला.

त्यानंतर मी विमच्या मदतपृष्ठांमधून प्रत्येक संबंधित सेटिंग वाचून काढली, आणि त्या वाचनातून मिळालेली एक विभागणी पुढच्या सगळ्या कामाचा आधार ठरली. काही सेटिंग्ज फाइल कशी वाचायची हे ठरवतात, काही ती पडद्यावर कशी दाखवायची हे ठरवतात, आणि काही ती डिस्कवर कशी लिहायची हे ठरवतात. ‘टॅबस्टॉप’ बदलल्याने फाइलीतला एकही बाइट बदलत नाही, फक्त टॅबची दिसणारी रुंदी बदलते. ‘फाइलफॉरमॅट’ बदलले तर पुढच्या वेळी जतन करताना प्रत्येक ओळीचा शेवट वेगळा लिहिला जातो. आणि ‘एडिट’ कमांडला एन्कोडिंगचे नाव जोडून दिले तर तीच फाइल डिस्कवरून नव्या अर्थाने पुन्हा वाचली जाते. माझ्या मते एडिटरच्या सेटिंग्जविषयी होणारा बहुतेक गोंधळ या तीन प्रकारांची सरमिसळ केल्याने होतो.

एन्कोडिंगचे काम सर्वांत आधी हाती घेतले, कारण अक्षरेच चुकीची वाचली गेली असतील तर त्यांवर केलेला पुढचा कोणताही बदल नुकसान वाढवतो. विम फाइल उघडताना ‘फाइलएन्कोडिंग्ज’ या यादीतले पर्याय क्रमाने लावून पाहतो: आधी फाइलीच्या आरंभी एन्कोडिंग सांगणारी बीओएम खूण, मग यूटीएफ-८, आणि शेवटी लॅटिन-१. यूटीएफ-८ ची परीक्षा कडक असते. देवनागरीचे प्रत्येक सांकेतिक अक्षर तिच्यात ३ बाइटांनी लिहिले जाते आणि त्या तिन्ही बाइटांना ठरावीक मर्यादा असतात, त्यामुळे दुसऱ्या एन्कोडिंगचा मजकूर योगायोगाने तिच्यातून पार पडणे दुर्मीळ आहे. लॅटिन-१ मात्र कधीच नापास होत नाही, कारण तिच्यात प्रत्येक बाइटाला काही ना काही अर्थ आहे. म्हणून स्थितिपट्टीवर लॅटिन-१ दिसले, की ती फाइल ओळखता आलेली नाही, असाच त्याचा अर्थ मी घेत गेलो.

अशा बऱ्याच फायली प्रत्यक्षात विंडोज-१२५२ मध्ये लिहिलेल्या निघाल्या. दोन्हींमध्ये फरक थोडा आहे, पण वक्र अवतरणचिन्हे आणि लांब डॅश नेमके त्या फरकाच्या जागी येतात. लॅटिन-१ मध्ये तिथे नियंत्रणचिन्हे असतात. फाइल लॅटिन-१ म्हणून वाचून तशीच यूटीएफ-८ मध्ये जतन केली असती, तर अवतरणांच्या जागी अदृश्य नियंत्रणचिन्हे कायमची बसली असती. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी योग्य एन्कोडिंगने पुन्हा वाचणे, डोळ्यांनी खात्री करणे आणि त्यानंतरच लिहिण्याचे एन्कोडिंग बदलून जतन करणे, हा क्रम मी पाळला.

मराठी संदेशांच्या एका फाइलीची अवस्था याहून बिकट होती. यूटीएफ-८ मधला मजकूर पूर्वी कोणत्या तरी प्रोग्रामने विंडोज-१२५२ समजून वाचला होता आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहून ठेवला होता. असा मजकूर उलट दिशेने नेऊन सोडवता येतो: तो विंडोज-१२५२ मध्ये लिहायचा आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचायचा. परंतु विंडोज-१२५२ मध्ये ५ बाइटांना कोणतेही अक्षर नेमून दिलेले नाही, आणि त्यांतला एक बाइट हलन्ताच्या, म्हणजे जोडाक्षर घडवणाऱ्या चिन्हाच्या, तीन बाइटांमधला शेवटचा आहे. उकाराची ऱ्हस्व मात्रा, ए, ऐ आणि झ यांचाही शेवटचा बाइट अशाच रिकाम्या जागांवर पडतो. त्या प्रोग्रामने रिकाम्या जागांवर प्रश्नचिन्हे घातली होती, त्यामुळे उलट रूपांतर करूनही जोडाक्षरे परत आली नसती, आणि मराठीत जोडाक्षरांवाचून एक वाक्यही धड उभे राहत नाही. ही फाइल दुरुस्त करण्याचा प्रयत्न सोडून मी फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिट या साधनाच्या इतिहासातून नुकसानापूर्वीची आवृत्ती काढली आणि नंतर जोडले गेलेले थोडे संदेश हाताने पुन्हा लिहिले.

याच फाइलीत आणखी एक गोष्ट आढळली, जिच्याकडे मराठी मजकूर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडतेच असे नाही. कर्सरखालच्या अक्षराचे संकेत दाखवणारी विमची छोटी कमांड इथे फार उपयोगी पडली. संपूर्ण फाइलीत मी एका संकेताचे रूप कायम केले.

ओळींच्या शेवटांचे काम तुलनेने सरळ होते. युनिक्स परंपरेत ओळ एलएफ या एका चिन्हाने संपते, विंडोजवर सीआर आणि एलएफ या जोडीने. सर्व ओळींच्या शेवटी ही जोडी असेल तर विम फाइल ‘डॉस’ पद्धतीची मानून सीआर लपवतो. पण एका जरी ओळीत ती नसेल तर फाइल ‘युनिक्स’ मानली जाते आणि उरलेल्या ओळींच्या शेवटी सीआर उघडे दिसू लागते. अशा मिश्र फायली ‘डॉस’ म्हणून मुद्दाम पुन्हा वाचल्या, की जिथे जिथे शेवटी सीआर आहे तिथून ते निघून जाते, आणि मग ‘फाइलफॉरमॅट’ युनिक्स करून जतन करता येते. विंडोजच्या बॅच फायली तेवढ्या जोडीच्याच पद्धतीत ठेवल्या.

टॅब आणि स्पेसचा प्रश्न मात्र यांत्रिकपणे सुटणारा नव्हता. विममध्ये टॅबची रुंदी मुळात ८ असते, पण मूळ लेखकाने ती किती धरली होती हे फाइल सांगत नाही. त्यासाठी मी ‘टॅबस्टॉप’ २, ४ आणि ८ असा बदलून पाहत असे. ज्या रुंदीला शेजारच्या टिपा एका रेषेत येत आणि स्पेसने सरकवलेल्या ओळी टॅबच्या ओळींशी जुळत, ती लेखकाची रुंदी मानत असे. पायथॉनच्या फायलींत हे जपून करावे लागले, कारण तिथे इंडेंट, म्हणजे ओळ आत सरकवणे, हाच रचनेचा भाग असतो आणि टॅब-स्पेसचे विसंगत मिश्रण पायथॉन ३ नाकारते. प्रोग्राम बांधण्याच्या आज्ञा असलेल्या मेकफाइलींना मी हात लावला नाही, कारण त्यांतल्या आज्ञांच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात. उरलेल्या फायलींत टॅबच्या जागी स्पेस घालण्यासाठी ‘एक्स्पांडटॅब’ चालू करून ‘रीटॅब’ कमांड वापरता येते, पण ती ओळीच्या आरंभापुरती थांबत नाही. अवतरणांत लिहिलेल्या मजकुरातला टॅबही ती बदलते, आणि तो टॅब प्रोग्रामच्या आउटपुटचा भाग असू शकतो. म्हणून आधी ओळीच्या मध्ये येणारे टॅब शोधून पाहिले, आणि जिथे ते अर्थपूर्ण होते तिथे ‘रीटॅब’ऐवजी फक्त आरंभीच्या टॅबपुरता मर्यादित बदल केला.

इतक्या फायलींवर तोच बदल हाताने करणे व्यवहार्य नव्हते. ‘आर्गडू’ ही कमांड यादीतल्या प्रत्येक फाइलीवर दिलेली आज्ञा चालवते. तिच्यासोबत ‘अपडेट’ दिले तर खरोखर बदललेली फाइलच जतन होते आणि इतर फायलींच्या वेळनोंदी अबाधित राहतात. ओळींच्या शेवटच्या अनावश्यक स्पेस अशाच काढल्या. साध्या खुणांनी मजकूर मांडणाऱ्या मार्कडाउन फायली त्यातून वगळल्या, कारण तिथे ओळीच्या शेवटी असलेल्या दोन स्पेसचा अर्थ सक्तीचा ओळबदल असा होतो. जिथे शंका होती तिथे प्रत्येक बदलापूर्वी विचारणा करणारा पर्याय वापरला. विमच्या ७.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, उपलब्ध असलेली ‘अनडूफाइल’ ही सेटिंग या काळात चालू ठेवली होती. तिच्यामुळे फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी मागचे बदल मागे घेता येतात. फाइल विमबाहेर बदलली गेली असेल, तर मात्र साठवलेला तो इतिहास विम स्वीकारत नाही.

गिटमध्ये एन्कोडिंग, ओळींचे शेवट आणि इंडेंट यांचे बदल वेगवेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदलेल्या बदलांच्या संचांत, ठेवले आणि त्यांत तर्काचा एकही बदल मिसळला नाही. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या ‘ब्लेम’ कमांडला वगळायच्या कमिटची यादी एका फाइलीतून देता येते. अशी यादी ठेवल्यामुळे एखादी ओळ मुळात कोणी लिहिली, हे शोधताना माझी साफसफाई मध्ये येत नाही.

हे सगळे टिकायचे असेल तर सेटिंग्ज माझ्या वैयक्तिक विमआरसी या सेटिंग्जच्या फाइलीत राहून चालणार नव्हते. त्या प्रकल्पासोबत फिरायला हव्या होत्या. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत मोडलाइन, म्हणजे त्या फाइलीपुरत्या सेटिंग्जची ओळ, लिहिण्याचा पर्याय विममध्ये आहे, पण तो इतर बहुतेक एडिटरना कळत नाही, आणि २०१९ मध्ये मोडलाइनमधून घातक आज्ञा चालवता येण्याची त्रुटी उघड झाल्यापासून अनेक जण ती बंद ठेवतात. त्यामुळे प्रकल्पाच्या मुळाशी वेगवेगळ्या एडिटरना वाचता येणारी एडिटरकॉन्फिग ही नियमांची फाइल ठेवली, आणि तिच्यात यूटीएफ-८, एलएफ, चार स्पेस व शेवटच्या ओळीनंतरचा ओळबदल हे नियम लिहून मेकफाइल, मार्कडाउन आणि बॅच फायलींसाठी स्वतंत्र विभाग केले. विमपासून निघालेला निओविम हा एडिटर ०.९ आवृत्तीपासून ही फाइल आपोआप वाचतो; काही एडिटरमध्ये त्यासाठी पूरक जोडणी बसवावी लागते. ही जोडणी नसलेल्या सहकाऱ्याकडूनही ओळींचे शेवट बिघडू नयेत, म्हणून तोच नियम गिट स्वतः वाचते त्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीतही लिहिला. त्यानंतर एका अक्षराच्या दुरुस्तीचा फरक तपासायला उघडला, की त्यात ती एकच ओळ दिसते.