थायलाकोलिओची तिसरी उपदाढ

शनिवार, रात्र

आज थायलाकोलिओच्या जबड्यावरून नजर हलत नाही. ऑस्ट्रेलियातला हा नामशेष ‘पिशवीवाला सिंह’, वजन १०० किलोच्या आसपास. १८५९ साली इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं त्याला नाव दिलं आणि हा कट्टर मांसाहारी असल्याचं ठासून सांगितलं. कित्येकांना ते पटलं नाही, आणि त्यांची अडचण खरी होती. सुळे नावापुरते. खालच्या जबड्यात पुढे झुकलेले दोनच मोठे पटाशीचे दात, म्हणजे कांगारू, कोआला, वॉम्बॅट यांच्या घराण्याची खूण. ते घराणं तर पाल्यावर आणि गवतावर पोसलेलं.

उत्तर तिसऱ्या उपदाढेत आहे. ती लांबच लांब पात्यासारखी झाली. वरचं पातं खालच्याला घासून जातं, अगदी अडकित्त्यासारखं. पाला चघळायच्या मागच्या दाढा आक्रसल्या. पूर्वजांचे सुळे आधीच खुजे झाले होते, म्हणून भोसकायचं काम पटाशीच्या दातांनी उचललं. त्या पात्यांवरच्या सूक्ष्म झिजेच्या खुणा मांस कापणाऱ्याच्या आहेत. ओवेनचंच खरं ठरलं. वॉम्बॅट-कोआलाच्या फांदीवर याला नेमकं कुठे बसवायचं, हा वाद मात्र मिटलेला नाही.

म्हणून पिशवीवाल्याचा नमुना समोर आला की घराणं ठरवताना क्रम सोडू नये. आधी खालचे पटाशीचे दात मोजायचे: दोन मोठे की बारीक बारीक अनेक? मग मागचा पाय: दुसरं-तिसरं बोट एकाच कातडीत गुंडाळलेलं, नख्या मात्र दोन, असं आहे का? (या जोडबोटांनी हे प्राणी अंगावरचे केस विंचरतात.) दाढा सगळ्यात शेवटी, कारण खाणं बदललं की दाढा फार लवकर बदलतात. त्यांच्यापासून सुरुवात केली तर पाला खाणारे दोन परके प्राणी सख्खे भाऊ ठरतात.

बँडिकूट या छोट्या पिशवीवाल्या प्राण्यापाशी हा क्रमही अडतो. पटाशीचे दात अनेक, क्वोल या मांसाहारी पिशवीवाल्यासारखे. पाय जोडबोटांचा, कांगारूच्या घरातला. जनुकं बहुधा क्वोलच्या बाजूनं बोलतात. मग जोडबोटं दोनदा घडली, की एकदा घडून क्वोलच्या वंशात पुसली गेली? दोन्ही शक्य आहे. नावानंही गोंधळच घातलाय: ‘बँडिकूट’ हा तेलुगू ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्करउंदीर, आपली घूस! घूस कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्यांतली, तिचा या पिशवीवाल्यांशी काही संबंध नाही.

सगळ्यात जीव अडकतो तो नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या हनी पॉसम या चिमुकल्या पिशवीवाल्यामध्ये. वजन जेमतेम १० ग्रॅम, आहार फक्त मकरंद आणि पराग. ९ ग्रॅमच्या जिवाला रोज साधारण ७ मिलिलिटर मकरंद आणि १ ग्रॅम पराग लागतो. ताकद मकरंदातून, प्रथिनं परागातून. जीभ लांब, टोकाला ब्रशसारखी केसाळ. बँक्सियाच्या फुलातून ती आत ओढताना टाळूवरच्या कंगोऱ्यांना घासते आणि पराग तिथे खरवडला जातो. चावायचं काही उरलंच नाही, म्हणून मागचे दात खुंट्यांसारखे झाले. त्यांवर उंचवटे नाहीत, खाचा नाहीत, दुसऱ्या कोणाच्या दाढेशी ताडून पाहावं असं काहीच नाही. उरले ते खालचे पटाशीचे दोन दात. त्यावरून घराणं कळतं, घर कळत नाही. जनुकं त्याला ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारे पिशवीवाले) आणि रिंगटेल पॉसमच्या गोतावळ्यात नेतात, पण तिथली नेमकी फांदी अभ्यासागणिक सरकते.