व्हिडिओ पोकर: पैसे आणि वेळ यांचा हिशोब मी कसा बसवला

व्हिडिओ पोकर मी मजेसाठी खेळते. हा कॅसिनोतल्या यंत्रावरचा पत्त्यांचा खेळ: नाणी लावली की पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलून घ्यायचे, आणि शेवटी हातात जे पाच पत्ते जमतात त्यावर पैसे मिळतात. ही मजा परवडावी असं वाटत असेल तर बसण्याआधीच हिशोब पक्का लागतो. पैशांची मर्यादा मी सुरुवातीलाच ठरवली होती: इतके घेऊन जायचं, संपले की उठायचं. पण ‘इतके’ म्हणजे नेमके किती, आणि ते किती वेळ पुरायला हवेत, इथे माझं गाडं अडलं. त्याचं उत्तर शोधताना हा खेळ मला खऱ्या अर्थाने कळला.

या खेळात उत्तर काढता येतं. प्रत्येक डावाला बावन्न पत्त्यांचा कॅट नव्याने पिसला जातो आणि कोणत्या हाताला, म्हणजे पाच पत्त्यांच्या कोणत्या जुळणीला, किती मिळणार याचा तक्ता पडद्यावरच असतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ या साध्या प्रकारात (इथे गुलामांच्या किंवा त्याहून वरच्या जोडीपासून पैसे मिळतात) मी आधी फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) आणि फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे) या दोनच ओळी वाचते. एका नाण्यामागे फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ मिळत असतील तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात ९९.५४ टक्के परत मिळतात. तेच आकडे ८ आणि ५ असतील तर परतावा ९७.३० टक्क्यांवर येतो. शेजारी-शेजारी ठेवलेली, दिसायला अगदी सारखी दोन यंत्रं, पण एकाचा खर्च, म्हणजे शंभरातले जे परत येत नाहीत ते, दुसऱ्याच्या जवळजवळ सहापट!

आता यात वेळ घाला. सराव झालेला माणूस तासाला सहाशे डाव सहज खेळतो. मी दर डावाला पाच नाणी लावते, कारण रॉयल फ्लशला (एकाच रंगाचे दश्शी ते एक्का, सगळ्यात मोठा हात) एका नाण्यावर २५० मिळतात आणि पाच नाण्यांवर मात्र थेट ४,०००. पाच नाणी परवडत नसतील तर कमी किमतीच्या नाण्याचं यंत्र शोधावं. एकेक नाणं लावत बसू नये. तर सहाशे डाव गुणिले पाच, म्हणजे तासाला ३,००० नाणी यंत्रातून फिरतात. चांगल्या तक्त्यावर त्यातली सरासरी चौदा जातात, वाईट तक्त्यावर ऐंशीच्या वर.

चौदा नाणी ऐकून कुणालाही हायसं वाटेल. पण त्या ९९.५४ मधले जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत, आणि तो सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो. तासाला सहाशे डाव धरले तरी सदुसष्ट तास झाले. बाकीच्या तासांचं काय? ज्या तासात रॉयल येत नाही, त्या तासाचा सरासरी तोटा चांगल्या यंत्रावरही सत्तर नाण्यांच्या वर असतो. तीही सरासरीच. एखाद्या तासात दोन-तीनशे नाणी जाणं यात काहीच विशेष नाही. यंत्र बिघडलेलं नसतं आणि नशीबही रुसलेलं नसतं. हे समजल्यावर मी तासाभरासाठी पाचशे नाणी, म्हणजे शंभर डावांची पैज, असा वाटा ठरवला. बहुतेक वेळा तो तासभर टिकतो. नाही टिकला तर तो तास लवकर संपला, एवढाच त्याचा अर्थ.

हे पैसे घरखर्चातून येत नाहीत, उसने तर कधीच नाहीत. नाटकाच्या तिकिटासारखा तो खर्च मी आधीच झालेला धरते. किती नेतेय ते नवऱ्याला सांगून निघते आणि बँकेचं कार्ड घरी ठेवते.

खरी कसोटी लागते ती वेळेपाशी. पैसे संपले की उठावंच लागतं. पैसे शिल्लक असताना उठणं कितीतरी अवघड. चार एक्के आलेले असतात, नाणी वाढलेली असतात आणि हात चालत असतो. म्हणून मी दोन टोकं बांधली आहेत: वाटा संपला की उठायचं, किंवा तास भरला की उठायचं, जे आधी होईल ते. तासाचा गजर फोनवर लावते आणि फोन खिशात ठेवते, म्हणजे थरथर जाणवते. उठले की चिठ्ठी काढून थेट खिडकीवर पैसे घेते. जिंकलेली नाणी मी पुन्हा त्या दिवसाच्या खेळात धरत नाही.

वेळ आवरण्याचा दुसरा उपाय मला फार आवडतो: सावकाश खेळणं. सहाशेऐवजी तीनशे डाव खेळले की त्याच तासाचा सरासरी खर्च निम्मा होतो. शिवाय विचार करायला उसंत मिळते. फ्लशचे चार पत्ते हातात आहेत आणि त्यातच गुलामांची जोडी आहे, तर जोडी ठेवायची. जोडी सातांची असेल तर ती मोडून फ्लशच्या मागे जायचं. थकलेल्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, आणि ९९.५४ हा आकडा तर अचूक खेळणाऱ्याचाच आहे. म्हणून पाठोपाठ दुसरा तास मी खेळत नाही. मध्ये बाहेर पडून चालून येते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. ‘इतका वेळ रॉयल आला नाही, म्हणजे आता येणारच’ हे मनात आलं की उठावं. यंत्राला मागचे डाव आठवत नाहीत. पुढच्या डावातही शक्यता तेवढीच असते. आणि गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा जावंसं वाटू लागलं, घरी आकडा लपवावासा वाटला, तर मर्यादा बदलत बसू नये, खेळच थांबवावा. स्वतःचा प्रवेश स्वतःच बंद करून घेण्याची सोय पुष्कळ कॅसिनोंमध्ये असते. अशा वेळी ती मागून घ्यावी.

घरी आल्यावर वहीत चार रकाने भरते: तक्ता कोणता होता, किती वेळ बसले, किती नेले, किती आणले. पुढच्या वेळचा वाटा मी या वहीवरून ठरवते. जिथे नऊ-सहाचा तक्ता मिळत नाही तिथे तास अर्धा करते, आणि आठ-पाचही नसेल तर बसतच नाही.