तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शनवर आल्यावर शेती जमेल का?

महिन्याला चार-पाच फोन तरी येतातच. कुणी फौजेतल्या पोस्टवरून रात्री करतं, कुणी सुट्टीवर आलेला थेट बांधावर गाडी लावतो, आणि प्रश्न एकच, मेजर, पुढच्या वर्षी पेन्शनवर येतोय, गावाकडं दोन एकर आहे, शेतीचा कोर्स करू का, जमेल का. (मी मेजर नाही, हवालदार होतो, पण आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला कुणीही असो, गाव त्याला मेजरच म्हणतं.) फोनवर तुकड्यातुकड्यात सांगतो आणि नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

24 वर्षं सर्विस करून 43व्या वर्षी घरी आलो. कोरेगाव तालुक्यात दोन एकर दहा गुंठे, निम्मं विहिरीवर, निम्मं पावसावर. सर्विसच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात ना, आपण डीजीआर म्हणतो ते, जवानांना फी नसते, त्यातला शेतीचा तीन महिन्यांचा मी घेतला होता. ज्या संस्थेत झाला तिचं नाव नको. शिकवणारी माणसं वाईट नव्हती, पण सगळं प्रोजेक्टरवर, पॉलिहाऊस, शेडनेट, एक्सपोर्ट, आणि प्रत्येक स्लाईडच्या शेवटी एकरी किती लाख ते. तीन महिन्यांत मातीत हात दोनदा घातला, त्यातला एकदा ग्रुप फोटोसाठी.

आणि आपण कसे, वरून आलं म्हणजे ऑर्डर. घरी आल्या आल्या दहा गुंठ्यांचं शेडनेट उभं केलं, ढोबळी मिरची लावली, फवारणीचं ड्यूटी रोस्टर करून पंपाच्या खोलीत चिकटवलं, तारीख, वार, टाइम, औषध. रोग-कीड असो नसो, रोस्टरमध्ये आहे म्हणजे फवारणी होणार. तरी फुलकिडे आले, पानं मुरडली, आमच्याकडं त्याला बोकड्या म्हणतात, आणि जी मिरची निघाली ती नेमकी पडलेल्या भावात गेली. पुढच्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं जाळी फाटून शेजाऱ्याच्या आंब्यावर जाऊन बसली. ग्रॅच्युइटीतला मोठा तुकडा त्या पाइपांत गेला. आता त्यावर दोडका आणि कारलं चढतं, एवढा महाग मांडव तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नसेल.

पण मला खरी अद्दल त्या शेडनेटनं घडवली नाही, घेवड्यानं घडवली.

आमच्या भागात वाघ्या घेवडा होतो, दाण्यावर लाल पट्टे असतात म्हणून वाघ्या, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे. जूनमध्ये पेरायचा, अडीच महिन्यांत काढायला येतो. निचऱ्याचं रान लागतं, पाणी साचलं की मर लागते. त्या वर्षी पेरणीच्या वेळी बायको माहेरी लग्नाला गेली होती, म्हटलं आपण उरकून टाकू. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, रस्त्यावरनं बघितलं की ओळी परेडमध्ये दाहिने सज केल्यासारख्या सरळ दिसल्या पाहिजेत, मार सरळ वरनं खाली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, पण मेजरला कोण बोलणार. ओळी अशा पडल्या की मी फोटो काढून युनिटच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी सॅल्यूट पाठवले.

बायको आली, पिशवी खाली न ठेवताच बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, रानाला उतार कुठं हाय ते बघितलंसा का?"

चार दिवसांनी रात्री पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर प्रत्येक ओळीचा ओहोळ झालेला, वरची माती सगळी खाली उतरलेली आणि मातीबरोबर बी. आठवड्यानं खालच्या बांधाला घेवड्याचे झुपकेच्या झुपके उगवले, एका जागी पन्नास पन्नास रोपं, आणि वर रान टकलं. लाज कशाची वाटली माहितीय का, मॅप रीडिंगमध्ये मी पोरांना कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, शिकवायचो. एकास 50 हजारच्या नकाशावर दोन रेषांत 20 मीटर उंचीचा फरक, रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, हे झोपेतनं उठवलं तरी सांगीन. नकाशावरचा डोंगर वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या दोन एकरांतला उतार दिसला नाही.

तिला दिसला, कारण चोवीसातली वीस वर्षं ते रान तिनंच केलं. मी वर्षातनं दोन महिने सुट्टीवर यायचो, त्यात जत्रा, लग्नं, घराची डागडुजी. कुठं पाणी थांबतं, कुठल्या कोपऱ्यात हरळी हटत नाही, कुणाच्या बैलाची पाळी कधी मागायची, सगळं तिच्या डोक्यात. पण कोर्सचं सर्टिफिकेट माझ्या नावावर, सातबारा आधी वडिलांच्या आणि मग माझ्या नावावर, मीटिंगला बोलावणं मला. माझं तर स्पष्ट मत आहे, जवानाला शेतीचा कोर्स द्यायचा असेल तर दोन खुर्च्या मांडा, नाहीतर निम्मं ट्रेनिंग वाया गेलं म्हणून समजा.

त्यानंतर दोघं मिळून बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो, तिथं जे शिकलो ते कामाला आलं, कारण आधी मातीचं परीक्षण करून घेतलं आणि मग बोलणं झालं. ए-फ्रेम वापरायला शिकलो, दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरनं दोरीला दगड सोडायचा, दगडाची दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला. खर्च शून्य. तसं करत करत रानभर खुणा मारल्या, आता पेरणी उताराला आडवी असते आणि ओळी रस्त्यावरनं वाकड्यातिकड्या दिसतात, दिसू देत.

जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताचं पण लोक फार विचारतात, कुणी फार गूढ करून सांगतं, तसं काही नाही. 200 लिटरच्या ड्रममध्ये पाणी, देशी गाईचं 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवायचं, गोणपाट झाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी तयार, आठवड्याच्या आत संपवायचं. एकराला एक ड्रम. ज्यानं फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात, शंभर जणांची डाळ घोटलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. पण जीवामृत घातलं आणि दुसऱ्या महिन्यात जमीन सुधारली असं होत नाही हो, आमच्या रानात गांडूळ दिसायला तिसरा पावसाळा उजाडला.

विक्रीचं मात्र कोर्समध्ये अवाक्षर नव्हतं आणि तिथंच आपल्याकडं हुकमाचा पत्ता आहे. मी घेवडा मार्केटला घालत नाही. निवडून, एक-एक किलोच्या पिशव्या करून युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, पुणे, खडकी, बेळगाव, सगळीकडं आपली माणसं आहेत, एकानं नेला की त्याची सोसायटी मागते. सेंद्रिय म्हणून लिहायला कागद लागतो, त्यासाठी आम्ही गावातल्या सात जणांनी पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायच्या पद्धतीचा, गट केलाय, त्यात कमीत कमी पाच शेतकरी लागतात आणि एकमेकांची रानं एकमेकांनी तपासायची असतात. तपासायला मीच जास्त कडक आहे असं सगळे म्हणतात, इन्स्पेक्शनची सवय, काय करणार.

आता पैशाचं. आपलं खरं भांडवल पेन्शन आहे, ती दर महिन्याला न चुकता येते, म्हणून आपण छोटं चुकू शकतो, शेजारच्या शेतकऱ्याला ती चैन नाही हे लक्षात ठेवा आणि त्याला शहाणपण शिकवायला जाऊ नका. पहिली दोन वर्षं कम्युटेशनच्या, म्हणजे पेन्शनीचा काही भाग सोडून एकरकमी मिळालेल्या, पैशाला हात लावायचा नाही. अर्ध्या एकरावर भाजी, दोन गाई, पन्नास कोंबड्या, बास. शेतीत जे घालायचं ते पेन्शनीतनं उरेल तेवढंच. आणि यायच्या आधी, सुट्टीवर असतानाच सातबारा बघून घ्या, वारसनोंद झालीय का, वाटप झालंय का. वीस वर्षं भाऊ कसत होता आणि तुम्ही अचानक येऊन म्हणता माझा हिस्सा, तर त्याचं पण काही चुकत नाही. असे तीन जण मला माहीत आहेत की ज्यांचा कोर्स झाला, ड्रिप आलं आणि ड्रिपची बंडलं अजून पडवीत आहेत कारण केस चालू आहे.

मध्ये मध्ये अण्णा हजारेंचं नाव निघतं, ते पण फौजेतले, 1975ला बाहेर पडले आणि राळेगणला लागले. खरंय, पण तिथं सुरुवात पाणी अडवण्यापासून झाली आणि ते काम सगळ्या गावाचं होतं हे लोक विसरतात, आपण एकट्यानं राळेगण करायला जाऊ नये.

हल्ली अग्निवीर पोरांचे पण फोन यायला लागलेत, आणि तिथं माझं उत्तर लटकतं. चार वर्षांनी जास्तीत जास्त चारातला एक आत राहणार, बाकीचे साधारण 11 लाख 71 हजार घेऊन घरी, पेन्शन नाही. वर जे सगळं सांगितलं ते पेन्शनच्या जिवावर सांगितलंय, त्या पोराला कुठल्या तोंडानं सांगू. एवढंच सांगतो की त्या पैशातनं शेडनेट उभारू नको, आधी वर्षभर कुणाच्यातरी रानात, घरच्यांबरोबर असेल तर उत्तमच, सगळे हंगाम राब आणि मग बोलू. तेवीस वर्षांच्या पोराला हे आवडत नाही, मला पण त्या वयात आवडलं नसतं.

ज्यांना बघायचंय त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी यावं, फी नाही. बूट घालून येऊ नका, चप्पल आणा, वाफ्यात उतरायचंय. जोडीनं या. मागच्या वेळी फौजेतला एक नाईक आला होता, डायरीत सगळं लिहून घेत होता, खत किती, बी किती, अंतर किती, आणि त्याची बायको तोवर आमच्या हिच्याबरोबर पार खालच्या बांधाला पोचली होती, दोघींचं काय चाललं होतं कळलं नाही, पण जाताना दोन किलो घेवड्याचं बी ती घेऊन गेली आणि पैसे पण तिनंच दिले. नोव्हेंबरातला पहिला रविवार सोडून या, हयातीच्या दाखल्याचं आणि कँटीनचं काम काढलंय, मी नसेन. ही असेल, पण ती म्हणते मला हरभऱ्याची खुरपणी आहे, येतील त्यांच्या हातात खुरपं देईन.