पुण्याहून जेजुरी, मोरगाव, भुलेश्वर: मिनीबस ठरवणाऱ्यांसाठी

जेजुरी, मोरगाव आणि भुलेश्वर एका दिवसात करायचं असेल आणि माणसं दहा-बाराच्या वर असतील, तर तीन-चार मोटारी काढण्यापेक्षा एक सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस, करावी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले पंधरा जण, त्यात निम्म्याहून जास्त साठीपुढचे, असे नुकतेच जाऊन आलो. दिवस उत्तम गेला आणि त्यात गाडीपेक्षा ड्रायव्हरचा वाटा मोठा होता. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

गाडी ठरवताना बहुतेक जण पहिल्यांदा किलोमीटरचा दर विचारतात. माझा पहिला प्रश्न असतो, ड्रायव्हर कोण येणार आणि आदल्या रात्री तो कुठे असणार? या वेळी पहिल्या एजंटने सरळ सांगितलं, गाडी शिर्डीहून रात्री दीड-दोनला परत येईल आणि सहाला तुमच्या दारात उभी राहील. ड्रायव्हर तोच. दर इतरांपेक्षा बराच कमी होता, तरी आम्ही नाही म्हटलं. ड्रायव्हरांच्या कामाच्या तासांसाठी कायदा आहे. त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा आहे. लग्नसराईत आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ती कशी गुंडाळून ठेवली जाते, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. झोप न झालेल्या माणसाच्या भरवशावर सासवडच्या रस्त्यावरचा दिवे घाट चढायचा की नाही, हे मात्र आपण ठरवू शकतो. दुसऱ्या गाडीमालकांनी आदल्या दिवशी सुट्टी असलेला माणूस दिला आणि संध्याकाळीच त्या ड्रायव्हरदादांचा फोन नंबर पाठवला. मी लगेच फोन करून रस्ता, थांबे आणि सोबत कोण कोण आहे ते सांगून टाकलं.

आता पैशांचं. बाहेरगावच्या ट्रिपला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. गाडी त्याहून कमी पळाली तरी पैसे तेवढ्याचेच. आमची फेरी कोथरूड ते कोथरूड दोनशेच्या आसपास भरते. म्हणजे अशा जवळच्या ट्रिपला किलोमीटरमागे एखादा रुपया कमी करून घेण्यात फारसं काही नाही. किमान किलोमीटर किती धरलेत आणि एकूण आकडा किती होतो, एवढंच दोन ठिकाणी विचारून ताडून बघा. दुसरं म्हणजे मीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात. गॅरेज भोसरी-चिंचवडला असेल तर जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर वाढतात आणि २५० ची हद्द जवळ येते. शक्यतो आपल्या बाजूचीच गाडी बघावी. ड्रायव्हरचा भत्ता, पार्किंग, टोल, एसीचे पैसे आणि वरच्या किलोमीटरचा दर हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ‘गाडी बंद पडली तर दुसरी तुम्ही पाठवणार’ हेही त्यातच घाला. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवा.

पाटी पिवळी आणि त्यावर काळे आकडे असलेलीच गाडी घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते खरी, पण भाड्याने माणसं नेण्याचा परवाना तिला नसतो आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायला अडचण येते. गाडीचा नंबर आधी मागून सरकारच्या एम-परिवहन अॅपवर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

सीटांचा हिशेब नीट विचारा. सतरा म्हणजे ड्रायव्हर धरून की सोडून? मधल्या वाटेत घडीच्या सीटा टाकून आकडा वाढवलेला नाही ना? शेवटची रांग खड्ड्यांत फार उडते, तिथे पाठीचं दुखणं असलेल्यांना बसवू नका. आमच्यात पंधराच जण असल्यामुळे मागे पिशव्या ठेवता आल्या. आत चढायची पायरी उंच असते. घरून एक ठेंगणं लाकडी स्टूल नेलं होतं, दिवसभरात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही ठरलं नाही.

सगळ्यांना घरोघरी घ्यायच्या भानगडीत पडू नये. सोसायटीचं एक गेट आणि वाटेत हडपसरला एक थांबा, एवढंच ठेवलं. सहाला निघालो म्हणून हडपसर, भेकराईनगर गर्दीआधी ओलांडता आलं. जेजुरीच्या वाटेवरच्या सासवडला बोपदेव घाटानेही जाता येतं, पण तो अरुंद आणि खड्या चढाचा. भरलेल्या गाडीला दिवे घाटच बरा, असं ड्रायव्हरदादांचं मत होतं आणि ते मला पटलं. चढावर त्यांनी थोडा वेळ एसी बंद केला, इंजिनला जोर मिळावा म्हणून. त्यावर कुरकुर करू नये. घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो. ज्येष्ठ महिन्यात माउलींची पालखी याच घाटातून सासवडला जाते तेव्हा रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे तारीख ठरवताना पंचांग बघा.

जेजुरी सगळ्यात आधी करा. अनवाणी पायांना दगडी पायऱ्या दहानंतर चटके देतात. रविवार, पौर्णिमा आणि सोमवती अमावस्या टाळा. आम्ही साधा बुधवार निवडला आणि दर्शन निवांत झालं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोन आजी खाली गाडीतच थांबल्या. ड्रायव्हरदादांनी गाडी सावलीत लावली आणि त्यांना चहा आणून दिला. गडावर ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा उधळला जातो आणि अंगाखांद्यावर, केसांत बसतो. परतल्यावर तोच सीटांना लागतो, हळदीचा डाग सहजासहजी निघत नाही आणि काही मालक साफसफाईचे पैसे लावतात. जुन्या चादरी घेऊन जा. आमच्या गाडीत त्या आधीच अंथरलेल्या होत्या!

मोरगाव जेजुरीहून सतरा-अठरा किलोमीटर. गणपतीच्या देवळासमोर भला मोठा नंदी बघून मुलं चकित होतात, मोठेही. अष्टविनायकांची यात्रा इथूनच सुरू करायची पद्धत आहे. जेवण तिथेच केलं. ड्रायव्हरदादांना आमच्याच पंगतीत बसवलं, आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास त्यांना गाडीत पडू दिलं. हा अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरून ठेवा. दुपारी दोन ते चार ही डुलकीची वेळ. पुढचा रस्ता सुपे मार्गे चौफुल्यापर्यंत सरळ आणि उन्हात तापलेला आहे.

चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो. पुण्याकडे वळून यवतजवळ डावीकडे वर भुलेश्वर. खरं सांगायचं तर हे एकच ठिकाण बघायला दिवस घालवला असता तरी मला चाललं असतं. आदिलशाही सरदार मुरार जगदेवने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, आणि त्याच्या आत त्याहून कितीतरी जुनं, यादवकाळातलं शिवमंदिर आहे. बाहेरून घुमटांमुळे देऊळ वाटतच नाही. काळोख्या जिन्याने वर गेलं की भिंतभर कोरीव काम सुरू होतं. महाभारतातले प्रसंग आहेत, सुंदर स्त्रीमूर्ती आहेत, आणि स्त्रीरूपातला गणपतीही आहे. तो शोधायला बॅटरी न्या. अनेक मूर्ती फोडलेल्या आहेत. उरलेल्यांना हात लावू नये, हे बरोबरच्या सगळ्यांना आधीच सांगा. वर जाणारा रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे. मोठी बस असती तर कठीण गेलं असतं. टेम्पो ट्रॅव्हलर देवळाखालच्या मोकळ्या जागेपर्यंत सहज गेली. जिन्यात हाताला धरायला तरणी माणसं पुढे-मागे असावीत.

उतरताना साडेपाच झाले आणि हडपसरला नेहमीची कोंडी लागली. कोथरूडला पोचायला आठ वाजले. भाडं पूर्ण दिवसाच्या हिशेबाने ठरवलं होतं म्हणून जास्तीचे पैसे लागले नाहीत. हेच भाडं तासांच्या पॅकेजवर, म्हणजे बारा तास आणि ठरावीक किलोमीटर असं, ठरवलं असतं तर मात्र लागले असते. या फेरीला तासांचं पॅकेज घेऊ नका. उरलेली रक्कम मालकाला ऑनलाइन दिली, आणि ड्रायव्हरदादांना सगळ्यांनी मिळून वेगळं बक्षीस त्यांच्या हातात दिलं. मालकाच्या खात्यात घातलेलं त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत आणि लग्नाच्या तिथींना चांगल्या गाड्या मिळत नाहीत. त्या दिवसांत जायचं असेल तर महिनाभर आधी थोडा आगाऊ देऊन गाडी धरून ठेवा, आणि त्याच वेळी ड्रायव्हर कोण येणार तेही विचारून घ्या.