कऱ्हाडचा 'ऱ्हा' आणि चार प्लेटा

लग्नसराईच्या तोंडावर माझ्या छापखान्यातल्या कंप्युटरमधलं विंडोज गेलं. लग्नपत्रिका लावायचं सॉफ्टवेअरही त्याच्याबरोबर गेलं. ते मुळात कुठून आलं होतं, हे आमच्या धंद्यात कुणी कुणाला विचारत नाही. अस्सल घ्यायचं तर हंगामातली निम्मी मजुरी त्यातच जायची. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स मिंट टाकू, फुकट आहे." टाकलं. चार जीबी रॅमचं म्हातारं मशीन चहा यायच्या आत उघडायला लागलं, पण उघडून करायचं काय? पंधरा वर्षं हात ज्याच्यावर बसला ते तिथं चालतच नाही.

इंकस्केप नावाच्या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉच्या फायली उघडून बघितल्या. गणपती, कलश, वेलबुट्टी जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ. जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट गेला की मराठीही गेली. म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहील अशा अक्षरांत, नव्यानं टाइप करायचं, तेही इनस्क्रिप्ट या वेगळ्या कीबोर्ड-मांडणीनं.

पहिलं काम आलं एका निवृत्त मास्तरांचं. नातीचं लग्न, स्थळ कऱ्हाड, चारशे पत्रिका, लाल आणि काळा असे दोनच रंग. 'कऱ्हाड' लिहिताना मी अर्धा तास अडलो. साधा र घेतला की रफार ह-च्या डोक्यावर चढायचा. शेवटी सापडलं: शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग ह. स्क्रीनवर 'ऱ्हा' उमटला तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. तिनं फक्त "बरं" म्हटलं.

पीडीएफ सीटीपीवाल्याकडं, म्हणजे छपाईच्या प्लेटा काढून देणाऱ्याकडं पाठवली. एका रंगाला एक प्लेट लागते. दहा मिनिटांत फोन. "दादा, दोन कलरचं काम म्हणला होता न्हवं? हितं चार प्लेटा दिसत्यात. मारू काय?"

इंकस्केप सगळा रंग पडद्याचा, म्हणजे आरजीबी देतं. प्लेटसाठी त्याचं रूपांतर झालं की काळं अक्षरसुद्धा छपाईच्या चारही रंगांत फुटतं. एवढ्या बारीक अक्षराचं चार रंगांत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, आमच्या मिनी ऑफसेट छपाईयंत्रावर जुळवणं म्हणजे कागदाची रद्दी करणं. मी कारण सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, सीडीआर पाठवा." सगळा बाजार एकाच फायलीवर चालतो. तुमचं काम कितीही नीट असो, ती फाइल नसली की तुम्ही अडाणी.

रात्री स्क्रायबस हे छपाईची पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. याची 1.4 आवृत्ती मी पूर्वी बघितली होती, तिच्यात जोडाक्षरं सुटी पडायची आणि वेलांटी भलतीकडं जायची. 1.5 च्या मालिकेत ते सुधारलं, तेही ओमानमधल्या मंडळींच्या खटपटीनं. त्यांना अरबी नीट हवी होती. लाल रंग स्पॉट कलर, म्हणजे स्वतःची वेगळी प्लेट असलेला रंग म्हणून नोंदवला, काळा शंभर टक्के काळ्यातच ठेवला. छपाईपूर्व दर्शनात एकेक प्लेट वेगळी बघता येते. लाल प्लेटेवर फक्त गणपती आणि वधूवरांची नावं, काळ्यावर बाकी सगळं, निळी-पिवळी कोरी. ते बघत मी बराच वेळ बसलो होतो.

सकाळी मास्तरांना प्रूफ दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी नेला आणि 'लग्न'वर नख टेकवलं. "हा ल हिंदीचा आहे. आपला पाकळीचा असतो." गेली पंधरा वर्षं मी ल लावतोय, माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. तिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट सापडला, त्यात ल पाकळीचाच. सगळा मजकूर त्यात घेतला. दोनच प्लेटा निघाल्या, सीटीपीवाल्यानं सीडीआर परत मागितली नाही.

अडचण एकच उरली. त्या फॉन्टात ठळक अक्षर नाही. अक्षराला बाहेरून रेघ देऊन बघितली, तर 'क्ष'च्या गाठी भरून आल्या, म्हणून काढून टाकली.

पत्रिका न्यायला मास्तर स्वतः आले. 'कऱ्हाड' वाचून मान डोलावली. मग म्हणाले, "कुलस्वामिनीचं नाव ठळक सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मास्तर, या कागदाला बारीकच शोभतं," मी म्हणालो.

"असं होय," म्हणाले, आणि चारशे पत्रिका मोजायला बसले.