दोघांची पिल्लं होतात, तर जाती दोन कशा?

लडाखहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो: पँगाँगच्या वाटेवर मागच्या पायांवर उभा राहिलेला गुबगुबीत मार्मोट. मी प्राणिशास्त्र शिकवायचो हे ठाऊक असलेले लोक तो माझ्यापुढे धरतात. "सर, हा मोठा उंदीर का?" नाही हो, हा खारीच्या कुळातला. आपल्या अंगणातली खार, भीमाशंकरचं शेकरू आणि हा, तिघंही एकाच कुळातले. मग मी सांगतो की पँगाँगकडचा तो हिमालयी मार्मोट आणि द्रासकडे दिसतो तो लांब शेपटीचा, या दोन वेगळ्या जाती. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "अशा दोन जातींचा संकर होतो का? आणि होत असेल, तर त्या दोन जाती कशा?"

या दोघांचं म्हणाल, तर शेजार आणि नातं यांचा इथे मेळ नाही. लांब शेपटीवाल्याचा सख्खा नातलग मध्य आशियातल्या पश्चिम तियानशान पर्वतातला मेन्झबियर मार्मोट. हिमालयी मार्मोटचे जवळचे भाऊबंद मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात. त्याच भाऊबंदांपैकी दोघांचा, करड्या आणि मंगोलियन मार्मोटचा, मंगोलियाच्या अल्ताय पर्वतात संकर झालेला नोंदवला गेला आहे.

पण माझं आवडतं उदाहरण रशियातल्या व्होल्गा नदीकाठचं. तिथल्या बिळात राहणाऱ्या खारींना रशियन लोक सुस्लिक म्हणतात. पिवळा सुस्लिक अंगाने दणकट, छोटा नावाप्रमाणेच छोटा, आणि तांबूस या दोघांच्या मधला. जिथे त्यांच्या हद्दी भिडतात, तिथे तांबूस सुस्लिकाचा कधी पिवळ्याशी, कधी छोट्याशी संकर होतो. तिघांचीही गुणसूत्रं ३६, त्यामुळे निदान त्या हिशेबात अडचण येत नाही. संकराचा माग काढायला संशोधकांनी एक छान वाट धरली: कान देणं. धोका दिसला की सुस्लिक शिट्टीसारखी हाक देतात आणि प्रत्येक जातीची हाक निराळी. संकरित पिल्लाच्या हाकेत दोन्हीकडचं काहीतरी उतरतं.

डीएनए तपासल्यावर मात्र गोष्ट आणखी गुंतली. आपल्याकडे आडनाव बापाकडून येतं. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, डीएनए येतो फक्त आईकडून. व्होल्गा भागातल्या काही तांबूस सुस्लिकांमध्ये तो पिवळ्याचा किंवा छोट्याचा निघाला. दिसायला पक्के तांबूस! म्हणजे कधीतरी परक्या जातीची मादी या घरात आली, तिच्या लेकींनी आणि नातींनी तांबूस नरच निवडले आणि पिढ्यांमागून पिढ्या रंगरूप पुरतं तांबूस झालं. पणजीच्या माहेरची खूण तेवढी पेशीत शिल्लक राहिली. म्हणूनच एवढ्या एका पुराव्यावर कुणी वंशावळ मांडली, तर मी जरा जपून वाचतो.

आता मूळ प्रश्न. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली दिलेली व्याख्या आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली: आपसात प्रजनन करणारा आणि इतरांपासून त्या बाबतीत तुटलेला समूह म्हणजे जाती. मुलं ती खेचरावर घासून पाठ करायची. घोडी आणि गाढवाचं खेचर सहसा वांझ, म्हणून जाती दोन; हिशेब संपला. सुस्लिक या हिशेबात बसत नाहीत. माझ्या मते बघायचं ते एवढंच: संकर होऊनही दोन्ही बाजू आपापल्या जागी टिकल्यात की एकमेकींत विरघळल्या? व्होल्गाच्या हद्दीपासून दूर गेलात, की पिवळा पिवळाच आहे आणि छोटा छोटाच. म्हणून जाती वेगळ्या.

नावांचं मात्र काही खरं नाही. २००९ साली या बिळातल्या खारींच्या एकाच मोठ्या प्रजातीचे (जीनसचे, म्हणजे अनेक जातींच्या गटाचे) आठ तुकडे झाले आणि माझ्या जुन्या नोट्स रद्दीत गेल्या.

तर तुमचा फोटो. शेपूट जवळजवळ अर्ध्या धडाएवढी असेल तर तो द्रासकडचा, आखूड असेल तर हिमालयी. पण दहांतल्या नऊ फोटोंत शेपूट कापलेली असते आणि पुढे बिस्किट धरलेला हात तेवढा स्पष्ट आलेला असतो.