ट्रॉय मॅक्लूअरचं एक वाक्य

बडोदे, रविवार रात्र

गणपतीत दांडिया बाजारातली मुलं कटआउट कार्टूनचा एक छोटा तुकडा दाखवणार आहेत. त्यातला पडेल नट कसा असावा, यावर आज एकमत झालं. नमुना म्हणून 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला ट्रॉय मॅक्लूअर समोर ठेवायचा. ही मालिका डिसेंबर १९८९ पासून चालू आहे, आणि ट्रॉय तिच्यात १९९१ च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या सीझनमध्ये आला. मुख्य कुटुंबाशी एरवी त्याचं काही नातं नाही. बहुतेक वेळा तो त्या घरातल्या टीव्हीवर दिसतो, मिनिटभर बोलतो आणि जातो. एवढ्याशा जागेत माणूस उभा कसा राहतो, ते मुलांना यातून शिकता येईल.

सगळं त्याच्या ओळख करून देणाऱ्या वाक्यात आहे. आधी नमस्कार, मग 'मी नट ट्रॉय मॅक्लूअर', आणि मग तुम्ही मला अमुक आणि तमुकमध्ये पाहिलं असेल. दर वेळी नावं नवी, आणि नावं दोनच. एका नावात गंमत होते पण माणूस दिसत नाही. तीन झाली की यादी होते. दोन नावं मात्र शेजारी ठेवली की मधली सगळी वर्षं आपोआप दिसतात: मिळेल ते काम घेतलेली, कुणी फोन न केलेली. शैक्षणिक फिल्मांची एक जोडी मला फार आवडते. पहिलीचा विषय शिशाचा रंग, चविष्ट पण जीवघेणा. दुसरी मेट्रिक पद्धत आली म्हणून वाजतगाजत सांगणारी. पहिल्या नावात झटका आहे. दुसरं साधंच आहे, पण अमेरिकेच्या रोजच्या व्यवहारात मेट्रिक पद्धत कधी रुळलीच नाही, म्हणजे ती फिल्मही फुकट गेली. पडेल माणसाचं पडेल काम, तेही एका दमात.

आपल्या नटासाठी मी लिहिलेली जोडी अशी: 'प्रेशर कुकर: तुमचा मित्र, तुमचं छप्पर' आणि 'चला, पिनकोड पाठ करू या'. दोन्ही नावं ऐकताना विषय लगेच कळला पाहिजे. नुसतं विचित्र नाव दिलं तर लोक हसतात आणि विसरतात. ती फिल्म खरंच कुठल्यातरी खात्याने काढली असेल असं वाटलं पाहिजे.

आवाजाचं काम याहून अवघड. ट्रॉयला आवाज फिल हार्टमनचा होता. नटाआधी तो ग्राफिक डिझायनर होता, रॉक बँडच्या रेकॉर्डांची कव्हरं करायचा. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडचा लोगो त्याचाच. मग लॉस एंजलिसच्या ग्राउंडलिंग्स या नाट्यसंस्थेत आणि १९८६ ते १९९४ 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी टीव्ही कार्यक्रमात. जाहिरातीच्या निवेदकाचा भरलेला, तुकतुकीत आवाज तो काढायचा, आणि त्या आवाजात लाज नावालाही नसायची. मुलं इथेच चुकतात. ती गमतीदार आवाज काढतात, दुसऱ्या नावाला सूर खाली आणतात, नाहीतर हशासाठी थांबतात. तिन्ही नको. दोन्ही नावं एकाच पट्टीत, 'आणि'ला न रेंगाळता, समोर हजार माणसं बसली आहेत या थाटात. नटाला आपण पडलोय हे ठाऊकच नाही, निदान तो आवाजात कळू देत नाही. बालनाट्यात काम केलेल्या मुलांना हे सांगावं लागतंच, कारण तिथे प्रेक्षकांकडे बघून डोळा मारायची सवय लागलेली असते.

सिम्पसन्समध्ये आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रं नंतर त्यावर बसवतात. आपणही तसंच करू. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे 'प'चा फुत्कार थेट माइकवर आदळत नाही. पलीकडे गोधडी टांगली की खोलीचा घुमारा कमी होतो. ढोल-ताशांची तालीम सुरू व्हायच्या आत, सकाळीच उरकायचं.

वाक्य साधारण ९ सेकंदांचं. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने २१६ फ्रेम. एकेक चित्र २ फ्रेम धरलं तर १०८ वेळा कॅमेरा दाबायचा. तोंडाचे ६ आकार कापले की पुरे: मिटलेलं (प, ब, म), उघडा 'आ', ताणलेला 'ई-ए', गोल 'ओ-उ', खालच्या ओठावर दात ('व'), आणि जीभ वर ('ल'). नेहमी बिघडतं ते मिटलेलं तोंड. 'म' दोन चित्रांच्या मध्ये पडला की तो दिसतच नाही, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो. असा 'म' एक फ्रेम मागे ओढायचा, म्हणजे आवाजाच्या किंचित आधी. उलट केलं, तोंड आवाजामागून आलं, तर लहान मुलालाही खटकतं. जबडा आणि भुवया मात्र शांत ठेवायच्या. दर अक्षराला डोकं हललं की तो निवेदक राहत नाही, बाहुली होते.

ट्रॉय एरवी टीव्हीच्या चौकटीत असतो, पण मार्च १९९६ मध्ये त्याला एक पूर्ण भाग मिळाला. त्यात तो मुख्य कुटुंबातल्या आईच्या बहिणीशी, सेल्माशी लग्न करतो आणि माकडांच्या ग्रहावरच्या संगीतिकेत नायक होतो. दिग्दर्शक मार्क कर्कलंड. त्या भागात तो चालतो, बसतो, गाडी चालवतो, म्हणून मुलांना तोच दाखवायचा. मोठ्या गटालाच, लहानांना त्यातलं अर्धं कळणार नाही. याशिवाय डिसेंबर १९९५ चा १३८वा भाग, ज्यात तो आपल्याकडच्या संगीत नाटकातल्या सूत्रधारासारखं काम करतो आणि ते चोख करतो.

२८ मे १९९८ रोजी हार्टमनचा खून झाला. त्याने आधीच ध्वनिमुद्रित केलेला भाग त्या सप्टेंबरात दाखवला गेला आणि त्यालाच अर्पण केला. त्यानंतर ट्रॉय आणि मालिकेतला हार्टमनच्याच आवाजातला वकील लायनेल हट्झ, दोघांनाही निर्मात्यांनी दुसरा आवाज दिला नाही. मला हा निर्णय फार बरोबर वाटतो. आवाजाची नक्कल करणारे मिळाले असते. पण लिहिणाऱ्यांना ती दोन-दोन नावं सुचायची ती तो आवाज कानात असल्यामुळे. आवाज बदलला असता तर वाक्यही हळूहळू बदललं असतं.

मंगळवारपर्यंत प्रत्येक मुलाने नावांच्या ५ जोड्या आणायच्या आहेत. निवडताना जोडी मोठ्याने वाचायची, कागदावर बघून ठरवायचं नाही. दोन्ही नावं मिळून एका श्वासात बसली नाहीत, तर दुसऱ्यातले शब्द कापायचे, पहिल्याला हात लावायचा नाही.